असिंक्रोनस कॉल फेल झाला, तर तो परत कधी करायचा आणि कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाहेरच्या सेवेला कॉल करणारं एक असिंक्रोनस, म्हणजे निकाल लगेच न देता नंतर देणारं, फंक्शन आहे, ते अधूनमधून फेल होतं, म्हणून तीन वेळा प्रयत्न करणारं एक छोटं रिट्राय फंक्शन तुम्ही जावास्क्रिप्टमध्ये लिहिलंत. त्याबद्दल तीन तक्रारी आहेत. दुसरा आणि तिसरा प्रयत्न त्याच क्षणी, त्याच एररने आपटतो. कधीकधी एरर येऊनही तुमच्या कॅचपर्यंत, म्हणजे एरर पकडणाऱ्या ब्लॉकपर्यंत, काहीच पोहोचत नाही. आणि पाच सेकंदांचा टाइमआउट (वाट पाहायची मर्यादा) लावल्यापासून काही ऑर्डरींची दोनदा नोंद व्हायला लागली आहे.

पहिल्या दोन तक्रारी भाषेच्या आहेत, तासाभरात मिटतील. तिसरी भाषेची नाही. तुमचा कोड अगदी बिनचूक चालला तरी ती राहील. किंबहुना रिट्राय जितका नीट चालेल तितक्या दुहेरी नोंदी वाढतील. म्हणून पहिल्या दोन भरभर उरकतो आणि तिसरीवर सावकाश येतो.

तुम्ही रिट्राय फंक्शनला आधीच तयार झालेलं प्रॉमिस देताय. म्हणजे कॉल बाहेरच करून टाकलाय आणि त्यातून जे हाती आलं ते आत पाठवलंय. प्रॉमिस म्हणजे काम नव्हे, कामाची पावती. पावती तीनदा उलगडून पाहिली म्हणून काम तीनदा होत नाही. एकदा रिजेक्ट झालेलं, म्हणजे फसलेलं, प्रॉमिस कायमचं रिजेक्ट; त्याच्यावर कितीही वेळा अवेट करा, म्हणजे निकालाची वाट पाहा, तीच एरर मिळेल आणि लगेच मिळेल. रिट्रायच्या हातात फंक्शन द्यायचं, दर फेरीला ते नव्याने बोलवायचं, म्हणजे दर फेरीला नवं प्रॉमिस तयार होतं. कोडमध्ये फरक एक बाण आणि रिकामे कंस एवढाच असतो, त्यामुळे रिव्ह्यूतही तो नजरेतून सुटतो.

इतर भाषांतही ही ठेच लागतेच; प्रॉमिसच्या जागी तिथे कोरुटीन, टास्क किंवा फ्यूचर असतं. पायथन निदान ओरडून सांगतो: एकदा अवेट झालेली कोरुटीन पुन्हा अवेट केली की सरळ रनटाइम एरर. सी-शार्पचा टास्क जावास्क्रिप्टसारखाच, निमूटपणे जुना निकाल पुन्हा हातावर ठेवतो. रस्टमधलं फ्यूचर आळशी, कुणी पोल केल्याशिवाय, म्हणजे ‘झालं का’ विचारल्याशिवाय, हलत नाही, पण तेही एकदाच वापरायचं. म्हणून तिथेही रिट्रायला फ्यूचर न देता फ्यूचर बनवणारं क्लोजर (छोटं निनावी फंक्शन) द्यावं लागतं.

दुसरी तक्रार. ट्राय ब्लॉकच्या आत तुम्ही ‘रिटर्न काम()’ असं लिहिलंय, तिथे ‘रिटर्न अवेट काम()’ हवं. अवेट नसलं की प्रॉमिस न उघडताच बाहेर जातं, ट्राय ब्लॉक संपतो, आणि पुढे ते रिजेक्ट होतं तेव्हा तुमचा कॅच केव्हाच घरी गेलेला असतो. मग ‘कधीकधी’ कॅच होतं ते कसं? तुमचं काम() हे साधं फंक्शन आहे, असिंक नाही. आत आर्ग्युमेंट तपासताना ते प्रॉमिस तयार करण्याआधीच एरर फेकतं, आणि ती एरर ट्रायच्या देखत पडते म्हणून पकडली जाते. नेटवर्कची एरर नंतर येते, ती निसटते. रिटर्नपुढचं अवेट फालतू असतं असा एक जुना समज आहे. ट्रायच्या बाहेर तो बऱ्यापैकी खरा आहे, ट्रायच्या आत साफ चुकीचा.

त्यातच फेचची, म्हणजे नेटवर्कवरून विनंती पाठवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या फंक्शनची, एक खोड. सर्व्हरकडच्या बिघाडाचे ५०० किंवा ५०३ हे कोड आल्यावर फेच रिजेक्ट होत नाही. उत्तर आलं ना, मग त्याच्या लेखी काम फत्ते. स्टेटस तपासून एरर तुम्हालाच फेकावी लागते. आणि नेटवर्क खरोखर तुटलं की तो टाइप-एरर देतो. ‘अनडिफाइन्ड’वर प्रॉपर्टी शोधायला गेलात की जी मिळते तीच जातकुळी. म्हणजे ‘टाइप-एरर आली की रिट्राय करा’ असा नियम लावलात, तर उत्तर पार्स करताना तुमच्याच कोडमध्ये झालेली चूकही नेटवर्कची बिघाड समजून तीनदा चालवली जाईल. म्हणून ट्रायच्या आत फक्त नेटवर्कचा भाग ठेवा. आलेल्या उत्तराचं पार्सिंग, व्हॅलिडेशन, डेटाबेसमध्ये लिहिणं हे सगळं त्याच्या बाहेर. स्वतःचा बग कितीही वेळा रिट्राय केला तरी पालथ्या घड्यावर पाणी.

लूपचा सांगाडा मी साधारण असा ठेवतो. भाषा कुठलीही असो, आकार हाच:

असिंक फंक्शन पुन्हा_करा(काम, किल्ली, कमाल, डेडलाइन):
    प्रयत्न = १
    फिरत राहा:
        ट्राय:
            रिटर्न अवेट काम(किल्ली, प्रयत्न)
        कॅच एरर:
            जर एरर ‘रद्द केलं’ अशी असेल: तीच पुढे फेका
            जर एरर तात्पुरती नसेल: तीच पुढे फेका
            जर प्रयत्न = कमाल: तीच पुढे फेका
            थांबा = किती_थांबायचं(प्रयत्न, एरर)
            जर आत्ता + थांबा, डेडलाइनच्या पुढे जात असेल: तीच पुढे फेका
            अवेट झोप(थांबा)
            प्रयत्न = प्रयत्न + १

यात ‘किल्ली’ बाहेरून येते हे आत्ताच डोक्यात ठेवा, त्यावरच पुढचं अर्धं उत्तर आहे. तुम्ही हे रिकर्शनने केलंय. चुकीचं नाही, पण लूप डीबग करायला सोपा आणि ‘आता कितवा प्रयत्न’ हे एकाच ठिकाणी दिसतं. शिवाय ‘तीन रिट्राय’ म्हणजे एकूण तीन प्रयत्न की चार, हे नावातच स्पष्ट करा. लायब्ररींचंही यावर एकमत नाही: सी-शार्पच्या पॉलीमध्ये आकडा पहिल्यानंतरच्या प्रयत्नांचा असतो, तर पायथनच्या टेनॅसिटीत आणि ॲमेझॉनच्या बहुतेक एसडीकेत (त्यांच्या सेवा वापरण्यासाठीच्या तयार लायब्ररींत) पहिला धरून.

आता तिसरी तक्रार.

‘फेल झालं’ हे एकच वाक्य आपण तीन वेगळ्या प्रसंगांना वापरतो. एक: विनंती निघालीच नाही. डीएनएसमध्ये नाव सापडलं नाही, समोरच्या पोर्टवर कुणी ऐकत नव्हतं, कनेक्शन जुळलंच नाही. दोन: विनंती पोहोचली आणि समोरच्याने स्पष्ट नाही म्हटलं. तीन: विनंती गेली, आणि पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक नाही. पहिल्या प्रसंगात बिनधास्त परत करा. दुसऱ्यात ‘नाही’ कशासाठी ते बघा: ४०० म्हणजे तुमची विनंतीच चुकलेली, ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४२२ म्हणजे मजकूर मान्य नाही, यातलं काहीही तासभर थांबून पुन्हा केलं तरी तसंच उत्तर देणार. (४०१ला टोकन नवं करून एकदाच प्रयत्न ठीक, पण तो रिट्रायचा लूप नव्हे, वेगळी पायरी आहे.) ४२९ म्हणजे जरा दमानं घ्या, ५०३ म्हणजे आत्ता जमत नाही. हे दोन्ही थांबून परत करण्यासारखे.

खरी मेख तिसऱ्यात आहे. टाइमआउट, मधेच तुटलेलं कनेक्शन, प्रॉक्सीने (मधल्या सर्व्हरने) दिलेले ५०२ आणि ५०४. हे ‘फेल’ नाहीत, हे ‘माहीत नाही’ आहेत. आणि सगळ्या प्रोग्रॅमिंग भाषा ‘माहीत नाही’लाही एररच्याच खोक्यात टाकून आपल्या हातात देतात. दुहेरी नोंदी तिथून येतात.

हे माझ्या हातून झालंय, म्हणून जवळून दाखवतो. काही वर्षांपूर्वी आमची एक सेवा दुसऱ्या एका सेवेला पैसे वळते करायला सांगायची. टाइमआउट तुमच्यासारखाच पाच सेकंदांचा. एका ग्राहकाचे दोनदा गेले. दोन्हीकडचे लॉग शेजारी ठेवल्यावर हे दिसलं:

आमच्याकडे
११:०२:१४.१  प्रयत्न १ पाठवला
११:०२:१९.१  टाइमआउट
११:०२:१९.४  प्रयत्न २ पाठवला
११:०२:२०.२  यशस्वी

समोरच्याकडे
११:०२:१४.२  विनंती आली
११:०२:१९.३  व्यवहार पूर्ण. उत्तर द्यायला गेलो तर कनेक्शन बंद
११:०२:१९.५  विनंती आली
११:०२:२०.१  व्यवहार पूर्ण

आमच्या लॉगमध्ये एक अपयश आणि एक यश. त्यांच्या लॉगमध्ये दोन यशं. कुणाचाच लॉग खोटा नाही. आमचा टाइमआउट ०.२ सेकंदाने अधीर ठरला, एवढंच.

यावरचा उपाय तेव्हाही सर्वांना माहीत होता: आयडेम्पोटन्सी की. विनंतीबरोबर एक अनन्य किल्ली पाठवायची. तीच किल्ली पुन्हा आली तर समोरच्याने काम पुन्हा न करता आधीचाच निकाल परत द्यायचा. आणि गंमत म्हणजे आम्ही किल्ली पाठवतही होतो! ती तयार होत होती काम() फंक्शनच्या पहिल्याच ओळीत, म्हणजे लूपच्या आत. दर प्रयत्नाला कोरी करकरीत नवी किल्ली. समोरच्याच्या दृष्टीने ते दोन निराळे व्यवहार होते, आणि त्यांनी दोन्ही इमानेइतबारे केले. दुरुस्ती एका ओळीची होती: किल्ली बनवणारी ओळ उचलून लूपच्या वर नेली. ती ओळ शोधायला दोन दिवस गेले, कारण जो तो म्हणत होता, ‘किल्ली तर आहे की.’

लूपच्या वर नेलं तरी पूर्ण भागत नाही. दोन प्रयत्नांच्या मधे तुमची प्रोसेसच मेली आणि रीस्टार्ट झाल्यावर तेच काम पुन्हा उचललं गेलं, तर मेमरीतली किल्ली गेलेली असते. म्हणून किल्ली पहिल्या प्रयत्नाच्या आधी ऑर्डरच्या रेकॉर्डमध्येच लिहून ठेवा. मग प्रोसेस मरो, वापरणाऱ्याने बटण दोनदा दाबो, ऑर्डर एक तर किल्ली एक.

समोरची सेवा तुमचीच असेल, तर तिच्या बाजूच्या दोन गोष्टी. ‘किल्ली आहे का’ हे आधी शोधून नंतर लिहिणं पुरत नाही. दोन विनंत्या एकदम आल्या तर दोघींनाही ‘नाही’ असंच उत्तर मिळतं. किल्लीवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच किल्ली दोनदा लिहू न देणारी डेटाबेसची अट) लावा आणि ती मूळ नोंदीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, म्हणजे एकतर दोन्ही होतात किंवा एकही नाही. आणि पहिली विनंती अजून शिजत असताना दुसरी आली, तर तिला ४०९ देऊन परत पाठवा. त्या ४०९चा अर्थ क्लायंटने ‘जरा थांबून विचारा’ असा घ्यायचा.

समोरची सेवा परकी असेल तर तिच्या किल्लीचे नियम वाचल्याशिवाय लूप लिहू नका, कारण ते सगळीकडे सारखे नाहीत. स्ट्राइपच्या पहिल्या पिढीच्या एपीआयमध्ये किल्लीबरोबर पहिल्या विनंतीचा निकाल जपून ठेवतात, मग तो निकाल ५०० असला तरी. म्हणजे तीच किल्ली घेऊन पुन्हा गेलात तर तेच ५०० परत मिळणार. शिवाय किमान २४ तास झाल्यावर तिथली किल्ली पुसली जाऊ शकते. सोमवारी अडकलेलं काम गुरुवारी कुणी हाताने पुन्हा ढकललं, तर किल्ली तीच असूनही व्यवहार नवा धरला जाईल.

किल्लीची सोयच नसेल तर? एचटीटीपीच्या नियमांप्रमाणे, म्हणजे आरएफसी ९११० प्रमाणे, गेट, हेड, पुट, डिलीट वगैरे पद्धती आयडेम्पोटंट, म्हणजे पुन्हा केल्या तरी परिणाम तोच राहणाऱ्या, समजल्या जातात, पोस्ट नाही. पण हा समोरच्याने पाळायचा करार आहे, आपोआप मिळणारी हमी नव्हे. डिलीट पुन्हा केल्यावर ४०४ आलं तर घाबरू नका. पहिल्याच प्रयत्नात ते उडालेलं असण्याची शक्यता दाट असते, ते यश म्हणूनच धरा. पुटमध्ये एक छुपा खड्डा आहे: रेंगाळलेला पहिला प्रयत्न दुसऱ्याच्या नंतर पोहोचू शकतो, आणि मधल्या वेळात तिसऱ्याच कुणी केलेला बदल त्याच्याखाली गाडला जातो. तिथे आवृत्ती क्रमांक किंवा इफ-मॅच हेडर (‘आवृत्ती हीच असेल तरच बदला’ असं सांगणारा) लागतो. आणि पोस्टला किल्ली नाही, तुमचा संदर्भ क्रमांक देऊन ‘हे झालंय का’ असं विचारायची सोयही नाही, अशी वेळ आली तर परत करूच नका. रेकॉर्डवर ‘अनिश्चित’ अशी स्थिती लिहा आणि नंतरच्या ताळमेळात माणसाकडून सोडवा. पैशाच्या कामात ‘अनिश्चित’ ही तिसरी स्थिती नसलेला डेटाबेस मला दिसला की मी पहिलं तेच विचारतो.

टाइमआउटबद्दलही तुमच्या कोडमध्ये एक दुरुस्ती आहे. तुम्ही प्रॉमिस-रेसने काम आणि टायमर यांची शर्यत लावली आहे. शर्यतीत टायमर जिंकला तरी हरलेलं काम थांबत नाही, ते मागे चालूच राहतं. तीन प्रयत्न म्हणजे एका वेळी तीन जिवंत विनंत्या, तीन सॉकेट. अबॉर्ट-कंट्रोलरचा (चालू काम रद्द करायच्या सोयीचा) सिग्नल फेचला द्या, म्हणजे निदान आपल्या बाजूचं कनेक्शन सुटतं. समोरचं काम त्याने थांबेलच असं नाही, वरच्या लॉगमध्ये पाहिलंत. नोडमध्ये आणि आताच्या ब्राउझरांत अबॉर्ट-सिग्नलच्या टाइमआउटची तयार सोयही आहे.

टाइमआउट न लावणं हा मात्र पर्याय नाही. लिनक्सवर समोरचा मशीन गप्प असेल, तर ६.५ आधीच्या आवृत्त्यांत, नेहमीच्या सेटिंगमध्ये, कनेक्शनचं पहिलं पाकीट पाठवून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सहा वेळा पुन्हा प्रयत्न करतो: १, २, ४, ८, १६, ३२ आणि शेवटी ६४ सेकंद वाट पाहून. बेरीज १२७ सेकंद. तुमच्या रिट्रायच्या खाली कर्नलचा एक रिट्राय आधीच बसलेला आहे आणि तो तुमच्यापेक्षा बराच सहनशील आहे. दर प्रयत्नाला वेगळा टाइमआउट आणि सगळ्या प्रयत्नांना मिळून एक डेडलाइन, असे दोन आकडे हवेत. पाहणारा माणूस दहा सेकंदांनंतर निघून जाणार असेल, तर अकराव्या सेकंदाला आलेलं यश कोणासाठी?

रद्द करणं आणि फेल होणं यांची गल्लत तर फारच होते. वरून कुणी काम रद्द केलं, तर ती एरर गिळून पुढचा प्रयत्न सुरू करणं म्हणजे ‘थांब’ म्हटल्यावर आणखी जोरात पळणं. पायथनमध्ये असिंक-आयओची कॅन्सल्ड-एरर पूर्वी साध्या एक्सेप्शनच्या पोटी होती, म्हणून सरसकट पकडणाऱ्या कोडमध्ये ती अडकायची, ३.८ पासून ती बेस-एक्सेप्शनखाली नेली ती याच कारणाने. कोटलिनमध्ये कॅन्सलेशन-एक्सेप्शन अजूनही सरसकट कॅचमध्ये सापडते, तिथे ती आपल्याला आठवणीने पुढे फेकावी लागते. आणि प्रयत्नांच्या मधली झोपसुद्धा रद्द होण्यासारखी ठेवा, नाहीतर सर्व्हर बंद करताना प्रोसेस तीस सेकंद नुसती घोरत बसते.

आता किती थांबायचं. कल्पना जुनी आहे. इथरनेटमध्ये दोन मशीन एकदम बोलली की दोघं गप्प बसून यादृच्छिक वेळ थांबायची. दर टकरीनंतर त्या वेळेची मर्यादा दुप्पट व्हायची, दहा टकरींनंतर वाढ थांबायची, सोळाव्या प्रयत्नानंतर नाद सोडायचा. आपल्याला लागणारं सगळं त्यात आहे: दुप्पट करत जाणं, वर मर्यादा घालणं, यादृच्छिकता, आणि हार मानणं. लोक यातलं पहिलं तेवढं उचलतात. दुप्पट तर करतात, पण सगळ्यांची दुप्पट एकाच ठोक्यावर. सर्व्हर दोन सेकंद अडखळला, हजार क्लायंट एकदम फेल झाले, मग हजारच्या हजार बरोबर एका सेकंदाने परत आले, मग दोन सेकंदांनी, मग चार. लाट पसरत नाही, नुसती पुढे सरकते. म्हणून जिटर, म्हणजे थांबण्याच्या वेळेत यादृच्छिकता. मी शून्य आणि मर्यादा यांच्या मधला कुठलाही आकडा सरळ उचलतो: मर्यादा पहिल्यांदा २०० मिलिसेकंद, मग ४००, ८००, १६००, आणि दहा सेकंदांच्या वर कधीच नाही. एखाद्याच्या नशिबी ३ मिलिसेकंद येतील, येऊ देत. एकाला पटकन जागा मिळाली म्हणून गर्दी वाढत नाही.

समोरच्याने स्वतःच रिट्राय-आफ्टर हेडर देऊन वेळ सांगितला असेल तर आपलं गणित बाजूला ठेवून तो पाळा. हा हेडर दोन रूपांत येतो, सेकंदांचा आकडा किंवा पूर्ण तारीख-वेळ, आणि इथे एक बग मी दोन वेगळ्या कोडबेसमध्ये हुबेहूब पाहिलाय. हेडर आकड्यात बदलून हजाराने गुणला जातो. १२० आला तर १२० सेकंद, छान. तारीख आली की आकडा होत नाही, ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’ अशी खूण) होतं. नॅनला हजाराने गुणलं तरी नॅन. आणि नोडच्या सेट-टाइमआउटला नॅन दिलं की तो एक मिलिसेकंद धरतो. म्हणजे समोरचा सांगतोय ‘अमुक वाजेपर्यंत येऊ नका’ आणि आपण सेकंदाला शेकडो वेळा दार वाजवतोय. एरर कुठेच नाही, लॉगमध्ये ‘थांबतोय’ असं सभ्यपणे लिहिलेलं.

थर ही गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या कोडमध्ये ती आहेच. तुमचं फंक्शन तीन प्रयत्न करतं. खालची एचटीटीपी लायब्ररीही बहुधा करते. क्लाउडच्या एसडीकेत तर रिट्राय न मागता मिळतो. वर क्यू (कामांची रांग) आहे, तीही तीनदा काम देते. तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस. समोरच्या बिचाऱ्या सेवेला दम लागलेला असताना बरोबर तेव्हाच तिच्यावर सत्तावीस पट मारा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. २० सप्टेंबर २०१५ ला ॲमेझॉनच्या डायनामोडीबी या डेटाबेस सेवेत असंच झालं होतं: नेटवर्कमध्ये थोडा वेळ अडथळा आला, त्यातून सावरताना स्टोरेज सर्व्हरांनी मेटाडेटा सेवेकडे एकदम विचारणा केली, उत्तरं ठरलेल्या वेळेत येईनात, म्हणून ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मूळ अडथळा संपला तरी भार उतरेना. मेटाडेटा सेवेवर इतका ताण होता की तिची क्षमता वाढवायलाही उसंत मिळेना. शेवटी तिच्याकडे येणाऱ्या विनंत्या थांबवाव्या लागल्या, आणि सगळं पूर्ववत व्हायला काही तास गेले. मूळ कारण गेलं तरी रिट्रायच स्वतःला जिवंत ठेवतात, ही त्यातली वाईट बाजू.

म्हणून रिट्राय एकाच थरात ठेवा. शक्यतो तिथे, जिथे हे काम परत करणं सुरक्षित आहे की नाही ते माहीत असतं; बहुतेक वेळा तो थर सर्वांत खालचा नसतो. बाकीच्या थरांतले रिट्राय मुद्दाम बंद करा, ‘डिफॉल्ट काय असेल कोण जाणे’ यावर सोडू नका. ट्रॅफिक मोठं असेल तर प्रयत्नांच्या संख्येखेरीज बजेटही ठेवा: एकूण विनंत्यांच्या, समजा, दहा टक्क्यांपेक्षा जास्त रिट्राय नाहीत. एरवी एखादं काम फेल होतं तेव्हा बजेट मुबलक असतं. सगळंच कोसळतं तेव्हा ते लगेच संपतं आणि रिट्राय आपोआप गप्प होतात. माझ्या अनुभवात सर्किट ब्रेकरपेक्षा (सतत फेल होणारे कॉल काही काळ बंदच करणाऱ्या यंत्रणेपेक्षा) हे समजायलाही सोपं आणि ट्यून करायलाही.

आणखी एक बारीक गोष्ट लॉगबद्दल. दर फसलेल्या प्रयत्नाला ‘एरर’ पातळीचा लॉग टाकू नका, रात्री फोन वाजतील आणि आठवड्याभरात त्यांच्याकडे कुणी बघेनासं होईल. मधल्या प्रयत्नांना वॉर्निंग, शेवटच्याला एरर, आणि कितव्या प्रयत्नात यश आलं याचा मेट्रिक नेहमी ठेवा. रिट्राय अपयश झाकतो. रोज चाळीस टक्के कामं दुसऱ्या प्रयत्नात होत असतील तर डॅशबोर्ड हिरवाच दिसतो, आणि एके दिवशी तिसराही पुरत नाही.

टेस्ट लिहाल तेव्हा खरी झोप घेऊ नका. घड्याळ आणि यादृच्छिक आकडा बाहेरून द्या, म्हणजे दहा सेकंदांचा बॅकऑफ (प्रयत्नांमधलं थांबणं) क्षणात तपासता येतो. ‘दोनदा एरर, तिसऱ्यांदा यश’ ही टेस्ट सगळेच लिहितात, तुमच्याकडेही आहे. तुमची तिसरी तक्रार पकडणारी टेस्ट वेगळी: खोटा सर्व्हर असा लिहा की तो पहिल्या विनंतीला नोंद पूर्ण करतो आणि उत्तर न देताच कनेक्शन तोडतो. दुसऱ्या विनंतीला नीट उत्तर देतो. शेवटी ‘यशस्वी’ आलं का हे तपासू नका, ते येणारच. सर्व्हरच्या टेबलात किती ओळी आहेत ते मोजा. आज तुमच्या कोडवर ती चालवलीत तर दोन सापडतील.